‘मीठ चवीनुसार’ : मराठी पाकग्रंथांतील एका संकेताची चिकित्सा

प्रस्तावना

मराठीतील बहुतेक पाकग्रंथांत साहित्याच्या यादीत तांदूळ, डाळ, तेल, तिखट, हळद यांच्यापुढे वाटी, चमचा, ग्रॅम असे काही ना काही माप लिहिलेले आढळते. यादीच्या अखेरीस मीठ येते आणि त्याच्यापुढे मात्र बहुधा आकडा नसतो. ‘चवीनुसार’, ‘चवीपुरते’ किंवा ‘अंदाजाने’ एवढाच शब्द असतो. हा संकेत इतका रूढ झाला आहे की वाचकाला त्यात काही राहून गेल्यासारखे वाटत नाही. वास्तविक, ज्या एका पदार्थाच्या न्यूनाधिक्याने संपूर्ण स्वयंपाक फसतो त्याच पदार्थाचे माप ग्रंथकाराने न द्यावे, ही विचार करण्याजोगी बाब आहे. पाकग्रंथ हा केवळ कृतींचा संग्रह नसतो. कोणते ज्ञान लिहून ठेवण्याजोगे आहे आणि कोणते हाताच्या सवयीवर सोपवावे, याविषयीचा समाजाचा निर्णय त्यात उमटलेला असतो. या दृष्टीने ‘मीठ चवीनुसार’ या दोन शब्दांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीतील आणि एकूण विदर्भातील खाद्यव्यवहाराची पार्श्वभूमी घेतली आहे. कारण समुद्रापासून दूर असलेल्या या प्रदेशात मीठ ही कायमच बाहेरून येणारी वस्तू राहिली आहे आणि तिचे अस्तित्व भाजी-आमटीपेक्षा साठवणीच्या पदार्थांत अधिक ठळकपणे जाणवते.

पाकग्रंथांची परंपरा आणि मापाचा प्रश्न

महाराष्ट्रातील अन्नविषयक लेखनाचा मागोवा घेताना सतराव्या शतकातील रघुनाथ गणेश नवहस्त यांच्या ‘भोजनकुतूहल’ या ग्रंथाचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. ग्रंथ संस्कृत असला तरी त्यात पदार्थांची देशी नावे येतात. या परंपरेत अन्नपदार्थाची ओळख त्याच्या गुणदोषांवरून करून दिली जाते. पदार्थ किती घ्यावा यापेक्षा तो कोणाला मानवतो, कोणत्या ऋतूत घ्यावा आणि कशाबरोबर घेऊ नये, हे येथे महत्त्वाचे असते. या दृष्टीचे मूळ आयुर्वेदात आहे. चरकसंहितेत सैंधव, सौवर्चल, बिड, औद्भिद आणि सामुद्र असे लवणाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्याच संहितेच्या विमानस्थानात पिंपळी, क्षार आणि लवण या तीन द्रव्यांचा अतिवापर टाळावा असे बजावले आहे. लवणाचे अतिसेवन करणाऱ्या लोकांत ग्लानी, शैथिल्य आणि दौर्बल्य येते, असे सांगताना चरकाने सौराष्ट्र, सिंधू, सौवीर आणि बाह्लिक या प्रदेशांतील लोकांचा दाखला दिला आहे. ते दुधाबरोबरही मीठ खातात, असे त्याचे निरीक्षण आहे. मिठाचे आधिक्य ही एका व्यक्तीची आवड नसून एखाद्या प्रदेशाची सवय असू शकते, ही जाण या परंपरेत होती, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

मुद्रणयुगात पाकग्रंथाचे स्वरूप बदलले. १८७५ मध्ये रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ प्रसिद्ध झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मीबाई धुरंधर यांचा ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ हा ग्रंथ आला आणि पुढे त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ प्रकाशित झाले. वाटी आणि चमचा ही घरातलीच मापे वापरल्यामुळे हे पुस्तक तराजू नसलेल्या स्वयंपाकघरात पोहोचले. सासू-आईच्या देखरेखीखाली शिकण्याची सोय नसलेल्या, नोकरीनिमित्त दूर गावी संसार थाटलेल्या पिढीला अशा पुस्तकांनी हात दिला. थोडक्यात, मराठी पाकग्रंथाचा प्रवास गुणाकडून मापाकडे झाला. या प्रवासात मिठाच्या बाबतीत मात्र विचित्र स्थिती निर्माण झाली. गुणदोषांची जुनी चर्चा मागे पडली आणि नवे मापही मिळाले नाही. दोन्हींच्या मधल्या रिकाम्या जागेत ‘चवीनुसार’ हा शब्द येऊन बसला.

संकेतामागील तर्क

या संकेताला केवळ निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. त्यामागे व्यवहाराचा भक्कम आधार होता. जुन्या स्वयंपाकघरात मीठ खड्यांच्या रूपात बरणीत असे. खडे लहान-मोठे असत, पावसाळ्यात त्यांना पाणी सुटे, कधी त्यांत माती आणि कचरा असे. खड्यांच्या एका चमच्यात भरणारे मीठ बारीक मिठाच्या चमच्यापेक्षा वजनाने कमी असते. विहिरीचे पाणी कोठे गोडे तर कोठे मचूळ असे. अशा स्थितीत ग्रंथकाराने चमच्याचा आकडा दिला असता तर तो बहुतेक घरांत चुकीचाच ठरला असता. म्हणून मीठ हाताच्या अंदाजावर सोपवणे हेच शहाणपणाचे होते.

शिवाय हा अंदाज म्हणजे अज्ञान नव्हे. नैवेद्याचा स्वयंपाक उष्टा होऊ नये म्हणून तो चाखून पाहत नाहीत. श्राद्धपक्षाला किंवा गौरी-गणपतीच्या दिवशी पंचवीस-तीस माणसांचा स्वयंपाक चव न घेता रांधणारी गृहिणी भाजीच्या रंगावरून, रसाच्या दाटपणावरून आणि भांड्याच्या आकारावरून मिठाची चिमूट ठरवीत असते. ‘चवीनुसार’ हा शब्द तिच्या बाबतीत शब्दशः खराही नसतो, कारण चव घेण्याची तिला मुभाच नसते. ते खरे पाहता ‘अनुभवानुसार’ असते. पंगतीत पानाच्या डाव्या बाजूस वर प्रथम मीठ वाढले जाते. ज्याला कमी वाटेल त्याने घ्यावे, अशी ती सोय आहे. देवाच्या ताटात मात्र बहुतेक घरांत वेगळे मीठ वाढण्याची प्रथा नाही. याचा अर्थ, मिठाचा अंतिम निर्णय जेवणाऱ्यावर सोपवण्याची एक सुजाण व्यवस्था या परंपरेत अस्तित्वात होती.

तथापि, या समर्थनातच संकेताची मर्यादाही दडलेली आहे. ज्या अनुभवाच्या बळावर हा अंदाज उभा आहे तो अनुभव पुस्तकात नाही. नवशिक्या वाचकाला पुस्तकाची गरज ज्या ठिकाणी सर्वाधिक आहे, नेमक्या त्याच ठिकाणी पुस्तक त्याला त्याच्यापाशी नसलेल्या अनुभवाकडे परत पाठवते.

मापाचे मीठ : लोणचे, पापड आणि खार

पाकग्रंथांचे थोडे बारकाईने वाचन केल्यास असे दिसून येते की सर्वच प्रकरणांत मीठ अमाप नसते. लोणच्याच्या प्रकरणात ग्रंथकाराची भाषा एकदम बदलते. तेथे इतक्या कैऱ्यांना इतके मीठ, असे स्पष्ट प्रमाण येते. पापड, सांडगे आणि भरल्या मिरच्यांच्या बाबतीतही तेच घडते. कारण उघड आहे. लोणच्यात मीठ चवीसाठी नसून टिकवण्यासाठी असते. ते कैरीतील पाणी ओढून घेते आणि सूक्ष्मजीवांच्या वाढीला अटकाव करते. तेथे अंदाज चुकला तर बरणीला बुरशी येते आणि वर्षाची बेगमी वाया जाते. नुकसान डोळ्यांना दिसते, म्हणून माप लिहिले जाते. रोजच्या भाजीतील जादा मिठाचे नुकसान पंधरा-वीस वर्षांनी रक्तदाबाच्या रूपाने दिसते, म्हणून ते लिहिले जात नाही. पाकग्रंथाने बरणीची जेवढी काळजी घेतली तेवढी जेवणाऱ्याच्या धमन्यांची घेतली नाही, असे म्हटल्यास ते कठोर वाटेल. परंतु दोन प्रकरणांतील हा भेद दुसऱ्या कोणत्याही रीतीने उलगडत नाही.

दुसरी बाब खाराची. पापडात मिठाखेरीज पापडखार घालतात. भजी, ढोकळा यांत सोडा असतो. पूर्वी विदर्भात क्षारांचा एक स्थानिक स्रोत होता. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या काठी मिळणाऱ्या क्षारांना दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी नावे होती आणि त्यांचा व्यापार चाले. ‘लोणार’ या नावातच लवण आहे. आजचा खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्यात वजनाच्या सुमारे २७ टक्के सोडियम असते. चायनीज पदार्थांच्या गाड्यांमुळे परिचित झालेल्या अजिनोमोटोतही सुमारे १२ टक्के सोडियम असते. ही द्रव्ये जिभेला खारट लागत नाहीत, म्हणून पाकग्रंथाच्या हिशेबात ती मीठ ठरत नाहीत. शरीराच्या हिशेबात मात्र सोडियम ते सोडियमच. चव हेच मापाचे एकमेव साधन मानल्याने जे खारट नाही ते सुटून जाते, हा ‘चवीनुसार’ या संकेतातील दुसरा दोष होय.

महालातील स्वयंपाकघर

अठराव्या शतकात पहिल्या रघूजी भोसल्यांनी नागपूरला राजधानी केली आणि भोसल्यांच्या वाड्याभोवती जी वस्ती वाढली ती महाल. चिटणवीस वाडा, बडकस चौक, बुधवार बाजार, गांधी गेट या खुणांनी ही वस्ती आजही ओळखली जाते. वाडे पाडून तेथे सदनिका उभ्या राहिल्या तरी येथील स्वयंपाकघराचे वार्षिक चक्र पुरते मोडलेले नाही. चैत्र-वैशाखातील कडक उन्हात गच्च्यांवर कुरडया, पापड, मुगवड्या, खारोड्या वाळत घातल्या जातात. ‘खारोडी’ या शब्दातच खार आहे. पाठोपाठ कैरीचे लोणचे पडते. नागपुरी जेवणातील पाटोडीचा रस्सा, वडाभात, गोळाभात, पुडाची वडी हे पदार्थ बेसन किंवा डाळ, तेल आणि तिखट यांच्यावर उभे आहेत. विणकरांच्या वस्तीतून पुढे आलेली सावजी पद्धती तिच्या झणझणीत रश्श्यासाठी प्रसिद्ध आहे. सकाळच्या न्याहारीला पोह्यांवर तर्री आणि तीवर चिवडा-शेव घेण्याची येथील रीत सर्वश्रुत आहे.

या खाद्यपद्धतीत मीठ एका दाराने येत नाही. पोह्यांत मीठ, तर्रीत मीठ, वरच्या शेवेत मीठ. वडाभाताच्या वड्यात मीठ, भातात मीठ आणि सोबत लोणचे-पापड. तिखट वाढले की ते पेलण्यासाठी मीठही वाढवावे लागते, हे रांधणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. प्रत्येक पदार्थ स्वतंत्रपणे ‘चवीनुसार’ बरोबर असला तरी ताटाची बेरीज कोणीच करीत नाही. पाकग्रंथाचे एकक पदार्थ आहे, ताट नव्हे. मराठीतील प्रमाण मानले गेलेले पाकग्रंथ प्रामुख्याने मुंबई-पुणे आणि पश्चिम महाराष्ट्राच्या स्वयंपाकाला समोर ठेवून लिहिले गेले. साठवणीच्या पदार्थांवर आणि झणझणीत रश्श्यांवर आधारलेल्या वैदर्भीय ताटाला तोच संकेत लावला असता त्यातील उणीव अधिक उघडी पडते.

येथे एक आक्षेप विचारात घ्यावयास हवा. नागपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या पलीकडे जातो. घामावाटे मीठ जाते, म्हणून येथील माणसाला मीठ अधिक लागते, असा युक्तिवाद केला जातो. उन्हात राबणाऱ्या मजुराच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. मीठ घातलेले ताक, कैरीचे पन्हे, आंबील ही पेये त्याच गरजेतून आली आहेत. परंतु दुकानात, कचेरीत किंवा वर्गात कूलरखाली दिवस काढणाऱ्याने मजुराच्या घामाचा दाखला देऊन वर्षाचे बारा महिने लोणचे-पापड खाणे, हा त्या युक्तिवादाचा गैरवापर होय. शिवाय ही पेये उन्हाळ्यापुरती असतात, लोणच्याची बरणी वर्षभराची असते.

मीठ आणि सत्ता

ज्या मिठाला ग्रंथाने माप दिले नाही त्याला सरकारने मात्र फार काटेकोर माप लावले होते. ब्रिटिश राजवटीत मिठावर मणामागे कर होता. करमुक्त किंवा कमी कराचे मीठ एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात जाऊ नये म्हणून वायव्येकडील अटकेपासून महानदीपर्यंत सुमारे २,३०० मैलांची जकात-रेषा आखण्यात आली होती आणि तिच्या मोठ्या भागावर काटेरी झाडांचे कुंपण वाढवण्यात आले होते. ही रेषा बऱ्हाणपूर, खांडवा, होशंगाबाद या भागांतून जात असे. १८७९ मध्ये ती रद्द झाली. रॉय मॉक्सहॅम यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथामुळे हे विस्मृतीत गेलेले कुंपण पुन्हा चर्चेत आले. नागपूरला १८६७ मध्ये रेल्वे पोहोचली. त्यापूर्वी अंतर्भागातील मीठ लमाणांच्या बैलांच्या तांड्यांवर येत असे. १८८८ मध्ये मणामागे दोन रुपयांचा कर अडीच रुपये करण्यात आला. १९०२ च्या अर्थसंकल्पीय भाषणात गोपाळ कृष्ण गोखले यांनी या करावर टीका केली. पुढील वर्षी तो दोन रुपयांवर आला आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला.

१९३० च्या सत्याग्रहात वैदर्भीयांपुढे निराळीच अडचण होती. शिरोड्याला किंवा वडाळ्याला मिठागरे होती; विदर्भाला समुद्र नव्हता. तेव्हा एप्रिल महिन्यात अकोला जिल्ह्यातील खारपाणपट्ट्यात, दहीहांडा येथे, खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ तयार करून कायदा मोडण्यात आला. पुढे १० जुलै १९३० रोजी पुसद येथे बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली जंगल सत्याग्रह सुरू झाला. मिठावरील कर अखेर १९४७ मध्ये रद्द झाला. गरिबाच्या भाकरीबरोबर मीठ हेच कोरड्यास असते, त्यामुळे हा कर त्याला सर्वांत जड जातो, हे या लढ्याचे मर्म होते. ‘मीठ-भाकर’ हा शब्द त्याच वास्तवातून आलेला आहे. पाकग्रंथातील ‘चवीनुसार’ हा शब्द मात्र मीठ हवे तेवढे उपलब्ध असल्याचे गृहीत धरतो. तो भरल्या बरणीचा शब्द आहे.

भाषेतील मीठ

मराठी भाषेने मिठाला दिलेले स्थान पाकग्रंथाने दिलेल्या स्थानाहून वेगळे आहे. ‘मीठ’ हा शब्द संस्कृत ‘मृष्ट’वरून आलेला आहे, म्हणजे ‘मिठाई’चे आणि मिठाचे मूळ एकच. हिंदीत ‘मीठा’ म्हणजे गोड, गुजरातीत ‘मीठुं’ म्हणजे मीठही. लवणापासून ‘लोणचे’ आणि ‘अळणी’ हे शब्द आले, तसाच ‘लावण्य’ हाही. रूपाला खारटपणाचे नाव देणाऱ्या भाषेने मिठाला सौंदर्याच्या मुळाशी नेऊन ठेवले, असे म्हणता येईल.

वाक्प्रचारांत मीठ दोन रूपांत येते. ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ यात ते ऋणाचे प्रतीक आहे. ‘मिठाचा खडा टाकणे’, ‘तिखटमीठ लावून सांगणे’, ‘जखमेवर मीठ चोळणे’, ‘मिठाची गुळणी धरून बसणे’ यांत मात्र ते अनुचित जागी किंवा अनुचित प्रमाणात आलेले आहे. दुधात पडलेला एक खडा दूध नासवतो, हे भाषेला ठाऊक आहे. म्हणजेच लोकभाषेची मिठाविषयीची जाणीव प्रमाणाची जाणीव आहे. मिठाचा उपकार आणि मिठाचा उपद्रव यांत केवळ मात्रेचे अंतर असते, हे जे भाषेने खड्याच्या मापाने सांगितले ते पाकग्रंथाने सोडून दिले.

आरोग्याची मागणी

प्रौढ व्यक्तीने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे दोन ग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. याच संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातील सरासरी सेवन १०.८ ग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या दुपटीहून अधिक आहे. मीठ आणि रक्तदाब यांचा संबंध तपासणारा ‘इंटरसॉल्ट’ अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३२ देशांतील ५२ केंद्रांवरील दहा हजारांहून अधिक व्यक्तींची पाहणी होती आणि भारतातील केंद्रांचाही समावेश होता. चीनमधील ६०० खेड्यांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेहमीच्या मिठाऐवजी २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ वापरल्याने पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा कमी सोडियमच्या मिठाची शिफारस केली. मात्र मूत्रपिंडाचे विकार असलेल्या व्यक्ती, गर्भवती स्त्रिया आणि मुले यांना त्यातून वगळले. खारपाणपट्ट्यासारख्या प्रदेशात हा अपवाद विशेष ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

मिठाचा दुसरा आरोग्यविषयक पैलू आयोडिनाचा. भारतात गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला. मे २००६ पासून मानवी आहारासाठी आयोडिनविरहित मिठाच्या थेट विक्रीवर देशभर बंदी आली. या बदलाचा पाकशास्त्रीय परिणाम फारसा कोणी नोंदवलेला नाही. आता बहुतेक घरांत येणारे मीठ बारीक, कोरडे आणि एकसारखे आहे. खड्यांच्या काळात माप न देण्याचे जे सबळ कारण होते, तेच उरलेले नाही. अलीकडे सैंधव किंवा गुलाबी मीठ आरोग्यदायी म्हणून वापरले जाते. परंतु त्यातील सोडियम नेहमीच्या मिठाइतकेच असते आणि बहुधा त्यात आयोडिन मिसळलेले नसते.

अचूक माप स्वयंपाकघरात शक्य आहे काय, या शंकेचे उत्तर जलसंजीवनीने दिले आहे. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या द्रावणाचा मोठ्या प्रमाणावर वापर करून असंख्य रुग्ण वाचवले. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे घरगुती प्रमाण पुढे खेडोपाडी पोहोचले. अतिसार झालेल्या बालकाच्या बाबतीत ‘चवीनुसार’ म्हणून चालत नाही, हे निरक्षर मातांनीही आत्मसात केले. ज्या हातांना हे माप जमले त्याच हातांना भाजीचे माप जमणार नाही, असे मानण्यास आधार नाही.

प्रत्यक्षात मात्र घराघरांत दोन भाषांची ओढाताण चाललेली असते. डॉक्टर सांगतात, ‘मीठ कमी करा’. पुस्तक सांगते, ‘मीठ चवीनुसार’. दोघांपैकी कोणीही किती ते सांगत नाही. मग रक्तदाबाच्या रुग्णासाठी वेगळे अळणी भांडे चढते. ती जबाबदारी बहुधा घरातील स्त्रीवर येते आणि स्वतःचा रक्तदाब वाढलेला असला तरी ती सर्वांसाठी रांधलेलेच खाते. पथ्य ही एकट्याची शिक्षा होते, त्यामुळे ते टिकत नाही. रुग्ण वरून मीठ घेतो किंवा बाहेर जाऊन तर्री-पोहे खातो. संकेतातील संदिग्धता अशा रीतीने एका व्यक्तीच्या श्रमात आणि दुसऱ्याच्या आजारात रूपांतरित होते.

चव कोणाची?

‘चवीनुसार’ या शब्दाचे सर्वांत मोठे गृहीतक म्हणजे चव ही स्थिर आहे आणि मीठ तिच्यामागून जाते. अनुभव याच्या उलट आहे. मीठ हळूहळू कमी केल्यास काही आठवड्यांत जीभ सरावते आणि पूर्वीचे अन्न खारट वाटू लागते. उलट, शेव-चिवड्याची सवय जडली की घरचे वरण अळणी भासते. म्हणजे चवीनुसार मीठ पडत नाही, तर पडलेल्या मिठानुसार चव घडते. चरकाने प्रदेशाच्या सवयीचा जो उल्लेख केला त्याचा अर्थ येथे उलगडतो. चव ही व्यक्तीची खाजगी मालमत्ता नसून घराने, गावाने आणि आता बाजाराने घडवलेली गोष्ट आहे. पाकिटबंद पदार्थांचा उत्पादक मिठाचे माप ग्रॅममध्ये ठरवतो. घरातील मीठ अमाप आणि कारखान्यातील मीठ मोजलेले, अशी ही विषम स्थिती आहे. जो मोजतो तोच चव ठरवतो.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की ‘मीठ चवीनुसार’ हा संकेत त्याच्या काळात विचारपूर्वक स्वीकारलेला होता; परंतु ज्या परिस्थितीने त्याला अर्थ दिला ती बदलली आहे. मीठ एकसारखे झाले, अनुभवाचे घरगुती शिक्षण विरळ झाले, साठवणीच्या आणि बाहेरच्या पदार्थांतून न दिसणारे मीठ वाढले. अशा स्थितीत पाकग्रंथाने मिठाला माप देणे ही काळाची गरज आहे. त्यासाठी अवघड गणिताची आवश्यकता नाही. चौघांच्या कुटुंबाला दिवसाला पाच ग्रॅमप्रमाणे वीस ग्रॅम मीठ लागते. म्हणजे एक किलोची पिशवी किमान पन्नास दिवस पुरावयास हवी आणि त्या हिशेबात लोणची-पापडांसाठी वापरलेले मीठही धरावयास हवे. चौघांच्या एका वेळच्या संपूर्ण जेवणाला मिळून साधारण एक सपाट चहाचा चमचा, हे प्रमाण कोणत्याही पुस्तकाच्या आरंभी छापता येईल. ज्या दिवशी ताटात लोणचे आणि पापड असेल त्या दिवशी भाजीतील मीठ कमी करावे, एवढी एक ओळही पुरेशी आहे.

याचा अर्थ ‘चवीनुसार’ हा शब्द हद्दपार करावा असा नाही. त्या शब्दात जेवणाऱ्याविषयीचा आदर आणि रांधणाऱ्या हातावरचा विश्वास आहे. तो जपण्याजोगा आहे. पंगतीत पानाच्या डाव्या बाजूस वाढलेले चिमूटभर मीठ हा या विश्वासाचा सर्वांत सुंदर आविष्कार होय: अन्नात बेताचे, बाकीचे ज्याच्या त्याच्या हाती. मराठी पाकग्रंथाने आपल्याच परंपरेतील ही रीत मापाच्या भाषेत लिहून काढली, तर महालातील स्वयंपाकघरात वेगळे अळणी भांडे चढवण्याची वेळ क्वचितच येईल.